गाय फॉक्सची होळी

5 नोव्हेंबरच्या रात्री इंग्लंडात होळ्या पेटतात. 1605 साली लंडनच्या संसदेखाली बंदुकीच्या दारूच्या 36 पिंपांसह गाय फॉक्स पकडला गेला; राजाला उडवून देण्याच्या कॅथलिक कटातला हा माणूस. राजा वाचला म्हणून लोकांनी रस्तोरस्ती जाळ केले. पुढे कायद्यानंच हा दिवस पाळायला लावला. चर्चमध्ये प्रार्थना, बाहेर पोपच्या पुतळ्याचं दहन. 1859 मध्ये कायदा गेला, कॅथलिकांविषयीचा विखारही ओसरत गेला. मग पोरं जुन्या सदऱ्या-विजारीत पेंढा कोंबून ‘गाय’ बनवायची आणि फटाक्यांसाठी नाक्यावर पैसे मागायची, थेट आपल्या शिमग्याच्या पोस्तासारखे! आता ती मजा जवळपास संपली. अठरा वर्षांखालच्यांना फटाके विकता येत नाहीत. पुष्कळ लोक तिकीट काढून मैदानावरची आतषबाजी बघतात. ल्यूइस गाव मात्र हटवादी. सोळाव्या शतकात तिथं जाळलेल्या 17 प्रॉटेस्टंटांच्या स्मरणार्थ आजही 17 पेटते क्रूस मिरवतात.