गोळी कोणती, आणि किती तासांनी?
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत आरोग्यसेविका सिस्टरांनी केलेलं भाषण)



आज बचतीचं नाही, औषधाच्या डब्याचं बोलू. प्रत्येकीच्या घरी तो डबा असतो. बिस्किटाचा जुना डबा, नाहीतर देवघरामागची पिशवी. त्यात अर्ध्या उरलेल्या पट्ट्या असतात. शेजारणीचं पोर तापलं की आपण मायेनं त्यातल्याच दोन गोळ्या काढून देतो. आपण त्यांना ‘पावरच्या गोळ्या’ म्हणतो. त्यांचं खरं नाव अँटिबायोटिक.

ही गोळी ताप उतरवायची नाही, दुखणं थांबवायचीही नाही. ती फक्त जिवाणू नावाच्या जंतूवर चालते. साधं सर्दी-पडसं बहुतेक वेळा विषाणूमुळे होतं. विषाणू वेगळा, त्याला ही गोळी लागूच पडत नाही. लहान मुलांचे पाण्यासारखे जुलाबही बऱ्याचदा विषाणूचेच. तिथे ओआरएस आणि झिंक हेच औषध. शौचातून रक्त पडत असेल, तर मात्र लगेच दवाखाना गाठा.

आता गोळी काम कशी करते ते बघा. अमॉक्सिसिलिन तुम्हाला माहीत आहे, कानदुखीला, छातीच्या जंतुसंसर्गाला देतात. जिवाणूच्या अंगाभोवती एक भिंत असते. वाढताना तो ती सारखी बांधत असतो. अमॉक्सिसिलिन विटा सांधायचं कामच बंद पाडतं. घरकुलाच्या भिंतीला माल न लावता नुसत्या विटा रचल्या तर काय होईल? तसंच. भिंत कच्ची राहते, बाहेरचं पाणी आत शिरतं आणि जिवाणू फुटतो. माणसाच्या पेशींना अशी भिंतच नसते, म्हणून आपल्या पेशी वाचतात.

पण हे औषध लघवीवाटे काही तासांत निघून जातं. म्हणून दिवसातून तीनदा लिहिलं असेल, तर साधारण आठ-आठ तासांनी घ्यायचं. सकाळी एक, आणि शेतावरून आल्यावर संध्याकाळी दोन एकदम, असं केलं तर दुपारभर जिवाणूला मोकळं रान मिळतं. अझिथ्रोमायसिनचं वेगळं. ते अंगात कित्येक दिवस टिकतं, म्हणून दिवसाला एकच गोळी, आणि पुष्कळदा तीनच दिवस. ‘तिला तीन दिवसांत बरं वाटलं, मला सात दिवस कशाला?’ असं विचारू नका. औषध वेगळं, आजार वेगळा. दोन दिवसांत बरं वाटलं तरी आपल्या मनानं गोळी बंद करायची नाही. काही त्रास होत असेल तर आधी विचारा. अर्धवट मार खाल्लेल्यातले चिवट जिवाणू उरले, तर पुढच्या खेपेला तीच गोळी हरते. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगनं १९४५ साली नोबेल घेताना हाच धोका सांगितला होता.

लोहाच्या गोळ्या आपल्यातल्या कितीतरी जणी घेतात. डॉक्सिसायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन चालू असेल, तर लोह, कॅल्शियम त्याच वेळी घेऊ नका. पोटात ती एकमेकांना धरून बसतात आणि औषध रक्तात पुरतं जात नाही. आधी अँटिबायोटिक, मग निदान दोन तासांनी लोह. आणि दिवस गेले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगा. काही गोळ्या तेव्हा चालत नाहीत.

टीबीची गोष्ट कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. त्यातल्या रिफाम्पिसिननं लघवी केशरी होते. ते रक्त नव्हे, घाबरून औषध सोडायचं नाही. उपचार निदान सहा महिने चालतो, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो. पण हेच औषध माला-एनसारख्या गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी करतं. तेव्हा टीबीचा उपचार सुरू होतानाच दुसरं साधन विचारून घ्या. यात लाजू नका गं, पुढचा घोर तुम्हालाच.

गोळी घेतल्यावर अंगावर गांधी उठल्या, ओठ-तोंड सुजलं किंवा धाप लागली, तर पुढची गोळी घ्यायची नाही, तडक दवाखान्यात जायचं. औषधाचं नाव लिहून ठेवा आणि पुढे प्रत्येक डॉक्टरला सांगा.

मुलांच्या पावडरच्या बाटलीत उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंतच घाला. दर वेळी बाटली हलवा. घरचा चमचा नको, सोबतच्या मापानंच द्या. मिसळल्याची तारीख बाटलीवर पेनानं लिहा. लेबलवरचे दिवस संपले की उरलेलं औषध ठेवायचं नाही.

पट्टीच्या मागे उभी लाल रेघ दिसली, तर ती गोळी डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही, मेडिकलवाला देत असला तरी. पुढच्या बैठकीला येताना घरातल्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून आणा. वाचता येत नसेल तरी आणा, आपण एकेक बघू.