एका शब्दाचा प्रवास : ‘हिसार’
(शिक्षक-शिबिरातील भाषण)



भाषेच्या तासाला आपण शब्दांचे अर्थ सांगतो. पण शब्द कोठून आला हे क्वचितच सांगतो, आणि सांगितले तरी पुष्कळदा नुसत्या ध्वनिसाम्यावर विसंबून सांगतो. म्हणून आज उदाहरणादाखल एकच शब्द घेऊ.

अरबीत ह-स-र या धातूचा अर्थ रोखणे, कोंडणे असा आहे. त्यावरून ‘हिसार’ म्हणजे शत्रूचा वेढा. फारसीत गेल्यावर याच शब्दाचा अर्थ तट, कोट असा झाला. वेढा आतल्यांना कोंडतो, तट त्यांचे रक्षण करतो. परंतु चहूंकडून वेढणे दोहोंत समान. बोटातले वेढे आणि पन्हाळ्याचा वेढा हे मराठी शब्द शेजारी मांडले, की मुलांना हे सहज उमगेल.

तुर्कीत ‘हिसार’ म्हणजे किल्लाच. दुसऱ्या महंमद सुलतानाने १४५२ मध्ये बॉस्फरसच्या काठी ‘रुमेली हिसार’ बांधला आणि १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला वेढा घालून ते जिंकले. प्राचीन ट्रॉय नगरीचे अवशेष ज्या टेकडीत सापडले, तिचे नाव ‘हिसारलिक’. बल्गेरियात रोमन तटबंदीचे ‘हिसार्या’ हे गाव आहे. आणि आपल्या देशात फिरोजशहा तुघलकाने १३५४ मध्ये वसविलेले ‘हिसार-ए-फिरोजा’ म्हणजेच आजचे हरियाणातील हिसार शहर. भूगोलाच्या तासाला नकाशावर ही स्थळे दाखविली, तर शब्दाचा मार्ग मुले स्वतःच बोटाने आखतील.

आता एक सावधगिरी. ‘हिशेब’ आणि ‘महसूल’ हेही मूळचे अरबी शब्द. ऐकावयास ‘हिसार’च्या जवळचे. तथापि हिशेबाचा धातू ह-स-ब, महसुलाचा ह-स-ल. शिवाय ‘हिसार’मधील ‘स’ आणि हिशेबाच्या मूळ ‘हिसाब’मधील ‘स’ ही अरबीत दोन निराळी अक्षरे आहेत. नागरीत तो भेद दिसत नाही. कानाला सारखे वाटले म्हणून नाते जोडणे योग्य नव्हे. शिक्षकाने फळ्यावर लिहिलेली चुकीची व्युत्पत्ती मूल जन्मभर खरी मानते.

यास्तव आठवड्याला एक शब्द घ्यावा व कोशात पाहूनच सांगावा. मोल्सवर्थच्या मराठी कोशात (दुसरी आवृत्ती, १८५७) शब्दांची मुळे खुणांनी दर्शविली आहेत. उत्तर ठाऊक नसेल, तर “उद्या कोशात पाहू” असे वर्गात निःसंकोच म्हणावे. त्यात कमीपणा नाही. शोध घेण्याची सवय मुलांना त्यातूनच लागते.