फोटोतला हिरवा ठिपका काढताना

आज पिंजौरहून बोलतोय. चंदीगडहून कालक्याच्या रस्त्याला वीस-बावीस किलोमीटरवर हे गाव. हरियाणाच्या पंचकुला जिल्ह्यात येतं, पण आमच्या नातेवाइकांच्या हिशेबात ते ‘चंदीगडजवळ कुठेतरी’. शेवटची नेमणूक चंडीमंदिरला होती, निवृत्तीनंतर इथेच राहिलो. महाराष्ट्रातून कोणी आलं की त्याला पिंजौरची बाग दाखवायची ही माझी कायमची ड्यूटी. औरंगजेबाचा दूधभाऊ फिदाई खान यानं सतराव्या शतकात बांधलेली ही बाग. बहुतेक मुघल बागांत तुम्ही पायऱ्या चढत वर जाता, इथे दरवाजातून आत शिरलं की एकेक टप्पा खाली उतरायचा. सात टप्पे आहेत. मधून पाण्याचा पाट, वाटेत शीशमहल, रंगमहल, जलमहल. हंगामात इथे आंब्यांचा मेळाही भरतो. आपण कोकणातले असाल तर तिथे हापूसचा विषय काढू नका, वाद होतात.

या बागेत येणारा प्रत्येक जण सूर्य कलल्यावर पाण्याच्या पाटासमोर उभा राहून फोटो काढतो आणि दहातल्या चार फोटोंत सूर्य मागे असतो. मग घरी जाऊन बघितलं की कोणाच्या कपाळावर हिरवा ठिपका, कोणाच्या साडीवर जांभळा षटकोन, आणि सगळा फोटो पिठूळ. यालाच फ्लेअर म्हणतात. ते काढायचं कसं हा आजचा विषय.

आधी ते येतं कुठून ते बघू. कॅमेऱ्याच्या भिंगात एकच काच नसते, पाच-सहा, कधी दहा-बारा काचा एकामागे एक असतात. साध्या काचेवर उजेड पडला की तिच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के उजेड परततो. पाच काचांचे दहा पृष्ठभाग धरले तर आलेल्या उजेडातला जेमतेम दोन तृतीयांश सरळ पलीकडे पोचतो. बाकीचा काचाकाचांमध्ये टोलवाटोलवी करत राहतो आणि त्यातला काही नको तिथे जाऊन पडतो. १९३५ साली जर्मनीत झाइस कंपनीतल्या अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर अतिशय पातळ थर देऊन हे परावर्तन कमी करण्याची युक्ती काढली. दुर्बिणीला आणि तोफेच्या साइटला तिचा केवढा फायदा, हे जर्मन लष्कराच्या लगेच लक्षात आलं आणि ती काही वर्षं गुपित ठेवली गेली. आजच्या भिंगांवर असे अनेक थर असतात. तरी सूर्य थेट समोर असला की थोडा उजेड निसटतोच.

फ्लेअरचे दोन प्रकार ओळखायला शिका, कारण दोघांवरचा उपाय वेगळा. एक म्हणजे पडदा: सगळ्या फोटोवर धुक्यासारखा उजेड, काळं काळं राहत नाही. दुसरा म्हणजे ठिपके. ठिपक्याची एक खोड आहे. फोटोच्या केंद्रातून सूर्यापासून एक रेघ ओढा, ठिपका बहुधा त्या रेघेवर, केंद्राच्या पलीकडे सापडतो. सूर्य डाव्या वरच्या कोपऱ्यात असेल तर ठिपका उजवीकडे खाली. ही खोड कळली की फोटो काढतानाच अर्धं पाऊल सरकून ठिपका माणसाच्या अंगावरून गवतावर पाठवता येतो. भिंगावर हाताची सावली धरली तरी बराच फरक पडतो. मोबाइल असेल तर आधी भिंगावरचा बोटाचा डाग रुमालानं पुसा. निम्मा पडदा तिथेच जातो, मग सॉफ्टवेअर कशाला?

आता जो फोटो निघून गेला त्याचं काय? ठिपका आकाशावर, गवतावर, पाण्यावर असेल तर काम पाच मिनिटांचं आहे. मी गिंप वापरतो. फुकट आहे आणि पेन्शनरला परवडतं. फोटो उघडा, लेयरची प्रत करा, मूळ लेयरला हात लावू नका. हील टूल घ्या, कंट्रोल दाबून जवळच्या स्वच्छ जागेवर क्लिक करा आणि ठिपक्यावर हलक्या हातानं फिरवा. भिंतीच्या कडेवर किंवा जाळीच्या नक्षीवर हील गोंधळतं, तिथे क्लोन टूल घ्या आणि रेघेला रेघ जुळवा. फोटोशॉपमध्ये हीच साधनं हीलिंग ब्रश आणि क्लोन स्टॅम्प या नावांनी आहेत. मोबाइलवर स्नॅपसीडमध्ये हीलिंग आहे, बोटानं होतं. पडद्यासाठी कर्व्हज: काळ्या टोकाचा बिंदू थोडा आत ओढा, पण फक्त पडदा आहे तेवढ्याच भागावर, मास्क लावून.

एवढं सांगून थांबलो असतो. पण गेल्या वर्षी एक फोटो हातात आला, तो थोडा सविस्तर सांगतो.

माझ्याबरोबर काम केलेला एक सुभेदार, सातारा जिल्ह्यातला. दहा-बारा वर्षांपूर्वी वारला. चंडीमंदिरला एक समारंभ आटोपून वर्दीतच आम्ही सगळे सहकुटुंब पिंजौरला आलो होतो, तेव्हाचा हा ग्रुप फोटो, रीळवाल्या कॅमेऱ्याचा. नवरा-बायको शेजारी उभे आहेत असा त्यांच्या घरात हा एकच फोटो. सूर्य डाव्या कोपऱ्यात, आणि ठिपका नेमका त्याच्या छातीवर, मेडलच्या रिबनवर. वहिनींना तो मोठा करून भिंतीवर लावायचा होता. मुलानं मोबाइलमधल्या एका ॲपनं ठिपका काढला. बोट फिरवलं आणि झालं. फारच सफाईदार. तो फोटो वहिनींनी मला पाठवला आणि खाली लिहिलं, “साहेब, फोटो छान झालाय, पण हे ते नाहीत असं वाटतं.”

मी मोठा करून बघितला. सेना मेडलची रिबन लाल असते, मधोमध एक बारीक पांढरी रेघ. ॲपनं ती रेघ पुसून सगळं लाल करून टाकलं होतं. शेजारी नऊ आणि वीस वर्षांच्या सेवेच्या मेडलच्या रिबन होत्या, त्यांचे रंग एकमेकांत मिसळून भलतीच एक रिबन तयार झाली होती. जगातल्या कुठल्याही सैन्यात नसेल अशी. हनुवटीवरही त्यानं हात फिरवला होता, तिथली जुनी खूण गायब. पाहुण्यांना यातलं काहीच कळलं नसतं. वहिनींना मात्र पहिल्या नजरेत खटकलं, कारण ती वर्दी वर्षानुवर्षं त्याच इस्त्री करत होत्या.

यात ॲपचा दोष काढण्यात अर्थ नाही. त्याला सांगितलं, ठिपका घालव, आजूबाजूसारखं काहीतरी भर. त्यानं भरलं. पण फ्लेअर म्हणजे डाग नव्हे. चहा सांडला की कागदावरचं झाकलं जातं. फ्लेअर हा वरून आलेला जादा उजेड असतो, खालचं चित्र बहुधा तिथेच असतं, त्यात हा उजेड मिळवलेला असतो. मिळवलेलं वजा करता येतं. ते वजा करायचं सोडून आपण वर नवं चित्र काढतो.

मी वहिनींना आधी निगेटिव्ह शोधायला सांगितलं. प्रिंटमध्ये फार उजळ भाग कोरा पांढरा होतो, निगेटिव्हमध्ये तिथे बऱ्याचदा बारकावे शिल्लक असतात. ट्रंकेत, लग्नाच्या पत्रिकेखाली सापडली. साताऱ्यात स्कॅन करून घेतली, १६ बिटमध्ये. स्कॅनवाल्याला हे आवर्जून सांगा, ८ बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ च पायऱ्या मिळतात आणि वजाबाकीत त्या पटकन तुटतात.

मग हिशेब. वर्दीचं ठिपक्याबाहेरचं कापड आणि ठिपक्याखालचं तेच कापड, दोन्हीचे रंग कलर पिकरनं मोजले. उदाहरणार्थ बाहेर लाल ९०, हिरवा ८५, निळा ६०, आणि ठिपक्यात लाल ९८, हिरवा १२५, निळा ७४, तर जादा आलेला उजेड ८, ४०, १४. तेवढ्या रंगाचा नवा लेयर, मोड सबट्रॅक्ट, मऊ ब्रशनं ठिपक्याच्या आकारात रंगवला आणि ऑपॅसिटी डोळ्यानं जुळवली. ठिपक्याची कड मधल्यापेक्षा उजळ होती, तिला वेगळा लेयर लागला. तीन संध्याकाळी गेल्या. तिसऱ्या दिवशी लाल पट्टीतली पांढरी रेघ दिसायला लागली. स्वच्छ नाही, किंचित फिकट, पण जिथे असायला हवी तिथे, आणि मी काढलेली नाही.

एका जागी मात्र काहीच नव्हतं. वीस वर्षांच्या रिबनची एक कड, तिथे तिन्ही आकडे २५५ ला टेकलेले. तिथून काय वजा करणार? ती रिबन कशी दिसते मला पाठ आहे, दोन मिनिटांत रंगवता आली असती. वहिनींना फोन केला, विचारलं. त्या म्हणाल्या, “राहू दे साहेब. ऊन होतंच की त्या दिवशी.” तेवढा उजेड ठेवला. चेहऱ्यावरचा पडदा कर्व्हजनं उतरवला, हनुवटीला हात लावला नाही.

माझा नियम त्या कामानंतर पक्का झाला. आकाश, गवत, भिंत यांवर ॲप खुशाल वापरा. चेहरा, हात, अक्षरं, पाटी, वर्दी यांवर आधी वजाबाकी करून बघा. आणि जिथे भरावंच लागलं तिथे प्रिंटच्या मागे पेन्सिलनं लिहा, काय भरलं आणि कोणी. मूळ स्कॅन वेगळ्या फोल्डरमध्ये, ‘मूळ’ असं नाव देऊन. त्यावर कधीही सेव्ह करायचं नाही.

आज इतकंच. पुढच्या भागात पावसाळ्यात ओल लागून एकमेकांना चिकटलेले जुने प्रिंट कसे सोडवायचे ते बघू. तोवर ते ओढू नका, तसेच कोरड्या डब्यात ठेवा. नमस्कार.