प्रत्येक धाप दम्याची नसते
(वार्षिक सभेत वैद्यकीय विभागाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्षभराच्या कार्याचा तपशील आपणांसमोर सादर झालाच आहे. आम्ही आज केवळ एका रुग्णाविषयी बोलणार आहोत, कारण त्या रुग्णाने आम्हांस आमची चूक दाखवली आणि पुढील वाटही.

चिखली तालुक्यातील एका खेड्यातील या शेतकरी भगिनी. वय चाळिशीचे. पाय मोडल्याने सहा आठवडे प्लास्टरमध्ये गेले. त्या काळात पोटरी सुजली होती. पण मोडलेला पाय सुजायचाच, असे म्हणून घरात कोणी ते मनावर घेतले नाही. पुढे सोयाबीनच्या सोंगणीला गेल्या, तर थोड्याच वेळात बांधावर बसावे लागे. नंतर पाण्याची घागर उचलली तरी धाप लागू लागली. ठिकठिकाणी दम्याचे औषध मिळाले. पहिल्या दोन भेटींत आम्हीही श्वासाचा पंपच दिला. छातीत घरघर नव्हती, क्ष-किरण चित्रात विशेष दोष नव्हता, तरीही ‘मग धाप कशाची?’ हा प्रश्न आम्ही स्वतःस विचारला नाही. तिसऱ्या भेटीत मानेच्या शिरा फुगलेल्या दिसल्या, तेव्हा इको तपासणी केली. हृदयाची उजवी बाजू ताणाने मोठी झाली होती.

हा फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांचा उच्चदाब होय. दंडाला पट्टा बांधून मोजतो तो रक्तदाब वेगळा. तो या रुग्णांत सर्वसाधारण असू शकतो. फुप्फुसाच्या धमनीतील सरासरी दाब २० मिलिमीटरपेक्षा अधिक झाल्यास तो वाढलेला मानतात. त्याची कारणे अनेक आहेत. या भगिनींमध्ये कारण होते जुनी गुठळी. पायातील शिरेत गोठलेले रक्त फुप्फुसात जाऊन अडकते. बहुतेकांत ते विरघळते. मोजक्या रुग्णांत मात्र ते धमनीच्या भिंतीला चिकटून कडक होते आणि वाट अडवते.

हा प्रकार दुर्मीळ खरा, परंतु शस्त्रक्रियेने बरा होऊ शकणारा आहे. म्हणूनच तो ओळखणे अगत्याचे ठरते. त्यासाठी फुप्फुसातील हवा आणि रक्त यांचा मेळ दाखवणारा व्ही-क्यू स्कॅन करतात. पाठोपाठ शिरेतून नळी घालून हृदयाच्या उजव्या बाजूतील दाब प्रत्यक्ष मोजतात. निदानापूर्वी किमान तीन महिने रक्त पातळ ठेवणारे औषध द्यावे लागते, कारण ताजी गुठळी त्या अवधीत विरघळू शकते.

अमेरिकेत सॅन डिएगो येथे डॉ. नीना ब्राउनवाल्ड यांनी १९७० मध्ये अशी शस्त्रक्रिया केली, आणि पुढे त्याच केंद्राने ही पद्धत परिपूर्ण केली. शरीर सुमारे २० अंश सेल्सियसपर्यंत थंड करून, एका वेळी २० मिनिटांपर्यंत रक्ताभिसरण थांबवून, धमनीच्या आतील चिकटलेला थर सोलून काढतात. ज्यांची शस्त्रक्रिया शक्य नसते, त्यांच्यासाठी बलूनचा उपचार आणि २०१३ पासून वापरात आलेले रिओसिग्वाट हे औषध आहे.

चिखलीला अद्याप रेल्वे नाही. मलकापूरपर्यंत बस आणि तेथून रात्रीची गाडी, असा प्रवास करून त्या मुंबईस गेल्या. प्रवासाचा आणि सोबतच्या नातेवाइकांच्या निवासाचा भार आपल्या देणग्यांतून उचलला गेला. शस्त्रक्रिया झाली. आज त्या घागर घेऊन न थांबता घरी येतात. रक्त पातळ ठेवणारे औषध मात्र त्यांना आयुष्यभर घ्यावयाचे आहे, आणि त्याची नियमित रक्तचाचणी आमच्याकडे होते.

या अनुभवानंतर आम्ही एक नियम केला आहे : दम्याच्या औषधाने न शमणाऱ्या धापेची इको तपासणी व्हावी. पैशाअभावी ती टळू नये, एवढीच देणगीदारांस विनंती. आणि आप्तेष्टहो, अंथरुणास खिळल्यानंतर, शस्त्रक्रियेनंतर अथवा बाळंतपणानंतर एकाच पायास सूज आली, किंवा पुढे चालताना दम लागू लागला, तर तो अशक्तपणा समजू नका. रुग्णास आमच्याकडे आणा, आणि मागील आजार अवश्य सांगा.

आमची चूक आम्ही आपणांपुढे मांडली. ती पुन्हा न होण्याची जबाबदारी आमची आहे. त्यासाठी लागणारे बळ आपण देत आहात, याबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत.