विंचू, महाड आणि 'लॅन्सेट'

परवा डोंबिवलीहून फास्ट पकडली. एका हातात हँडल, दुसऱ्या हातात मोबाईल. फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड आला: 'विंचू चावला? कांदा चोळा. सायंटिफिकली सिद्ध!' माझं आजोळ मुरबाडकडचं, तिकडे विंचू घरात निघतो. म्हणून आज विचारू, 'सिद्ध' म्हणजे नक्की काय?

'लॅन्सेट' हे नाव कोविडमध्ये सगळ्यांनी ऐकलं. थॉमस वॅक्ली यांनी 1823 मध्ये लंडनला सुरू केलेलं हे मेडिकल जर्नल आजही निघतं. इथे आलेलं संशोधन संपादक त्याच विषयातल्या बाहेरच्या तज्ज्ञांकडे पाठवतात. ते शंका काढतात, आकडे तपासतात. पटलं नाही तर पेपर परत. यालाच पीअर रिव्ह्यू म्हणतात.

आता कोकणात या. 1976 मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचू चावलेली माणसं, लहान मुलं डोळ्यांदेखत जात होती. ते खाटेशेजारी बसून नाडी, बीपी, घाम, श्वास सगळं लिहून ठेवायचे. विषाने रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं, फुप्फुसात पाणी भरतं. 1982 मध्ये त्यांची निरीक्षणं 'लॅन्सेट'मध्ये आली. मग बीपीचं औषध प्राझोसिन वापरून पाहिलं. तो अनुभव त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी 1986 मध्ये तिथेच मांडला. मृत्यूचं प्रमाण सुमारे 40 टक्क्यांवरून 1 टक्क्याच्या आसपास आलं!

ते तिथे थांबले नाहीत. प्राझोसिनसोबत प्रतिविष दिलं तर पेशंट आणखी लवकर बरा होतो, हे त्यांनीच 2011 मध्ये 'बीएमजे'त दाखवलं. म्हणजे स्वतःचाच उपचार पुन्हा तपासला.

जर्नलही चुकतं, बरं का. लसीचा ऑटिझमशी संबंध जोडणारा 1998 चा पेपर 'लॅन्सेट'ने 2010 मध्ये मागे घेतला. बारा वर्षं लागली, पण चूक जाहीरपणे नोंदली गेली. तुमच्या ग्रुपवरचा फॉरवर्ड कधी कोणी मागे घेतलाय?

तर 'सिद्ध' दिसलं की तीन प्रश्न विचारा: कोणी लिहिलं, कुठे छापलं, कधी? पबमेडवर फुकट शोधता येतं. आणि विंचू चावलाच, तर कांदा शोधत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

चला, भेटू पुढच्या भागात!