पुस्तक सिकलसेलच्या पानावर उघडा

(डहाणू येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



पत्रिकेवर विषय छापलाय ‘वैद्यकीय परीक्षा आणि उजळणीची पुस्तके’. काल याच मंचावर नाट्यसंगीत झालं, त्या मानाने आजची गर्दी बरी म्हणायची. (हशा) पुढे एमबीबीएसची मुलं-मुली दिसताहेत, त्यांच्यामागे पालक आणि पार मागे, दाराला लागून, माझे डॉक्टर मित्र. त्यांनी दार का धरून ठेवलंय ते मला ठाऊक आहे.

नीट म्हणजे काय, पीजीची नीट वेगळी कशी, परदेशातून शिकून आलेल्यांची एफएमजीई काय, हे सांगत बसत नाही. घरोघरी तेच चाललंय. बारावीवाल्यांचं एका दमात सांगून टाकतो. एनसीईआरटीची पुस्तकं ओळ न् ओळ वाचा आणि मग मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका सोडवा. संपलं. आता पालकांनी घरी गेलं तरी माझी हरकत नाही.

पीजीच्या नीटला 19 विषय, 200 प्रश्न, साडेतीन तास, आणि उत्तर चुकलं की एक गुण कापला जातो. हॅरिसन, रॉबिन्स, बेली अँड लव्ह हे ग्रंथ शेवटच्या तीन महिन्यांत परत वाचून होत नाहीत, म्हणून उजळणीची पुस्तकं लागतात. त्याला कुणाचीच ना नाही. पण मुलगा परळला केईएमसमोरच्या दुकानांत जातो आणि 19 विषयांची 19 गाइडं उचलतो. सीनियरने सांगितलं म्हणून आणखी दोन घेतो. वर ॲपच्या छापील नोट्स असतातच. शेवटी एकही धड दोनदा वाचून होत नाही. एका विषयाला एकच पुस्तक घ्या आणि स्वतःच्या चुका त्याच्याच समासात लिहा, हे कुणीही सांगेल. मी सांगायला आलोय ते वेगळं आहे.

दुकानात गेलात की मुखपृष्ठावरचा रँकवाल्यांचा फोटो बघू नका. पुस्तक सिकलसेलच्या पानावर उघडा.

सगळीकडे काय छापलेलं असतं ते तुम्हाला पाठ आहे. बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन. प्लीहा आक्रसून जाते, हाडांना साल्मोनेलाचा संसर्ग होतो, औषध हायड्रॉक्सीयुरिया. बरोबर आहे, गुण मिळतील. ‘फर्स्ट एड’सारखं पुस्तक उत्तमच आहे, पण ते अमेरिकेच्या परीक्षेसाठी लिहिलंय. तिथल्या प्रश्नातला रुग्ण आफ्रिकी वंशाचा असतो आणि ते तिथे योग्यच आहे. हेरिकने 1910 साली शिकागोत ज्याच्या रक्तात या विळ्यासारख्या पेशी पहिल्यांदा नोंदवल्या, तो ग्रेनाडाहून आलेला विद्यार्थी होता. आपल्याकडे मात्र लेमान आणि कटबुश यांनी 1952 मध्येच निलगिरीच्या आदिवासींत सिकलसेल दाखवून दिला. याला सत्तर वर्षं उलटली, तरी वंशाचा उल्लेख काढून टाकला की आपल्या मुलाला प्रश्न ओळखता येत नाही.

आणि इथे सिकलसेलचा रुग्ण कसा येतो? आश्रमशाळेतली दहा-अकरा वर्षांची पोरगी. थंडी पडली की गुडघे धरून बसते, सकाळी उठत नाही. शाळेत सगळ्यांना वाटतं, नाटक करते. डोळे किंचित पिवळे. कुणी खालची पापणी ओढून बघितलेलंच नसतं. किंवा वर्षाच्या आतलं बाळ, दोन्ही पंजे फुगलेले, आणि आई सांगते, काहीतरी चावलं असेल. तपासणीला लागतं बोटातून थेंबभर रक्त. ती विद्राव्यता चाचणी गाइडात कुठे आहे ते बघा. टिपेत असेल तर पुस्तक खाली ठेवा. केंद्र सरकारचं सिकलसेल निर्मूलन अभियान 1 जुलै 2023 ला शहडोलला सुरू झालं; सात कोटी लोकांची तपासणी आणि 2047 चं उद्दिष्ट. हे आता परीक्षेतही विचारतात. म्हणजे माझा हट्ट निव्वळ भावनेचा नाही, हिशेबाचाही आहे.

मागे कुजबुज चालली आहे. पीएसएमचा, म्हणजे कम्युनिटी मेडिसिनचा, माणूस पीएसएमचीच टिमकी वाजवणार, असंच ना? (हशा) वाजवणार! एफएमजीईत 300 पैकी 30 प्रश्न कम्युनिटी मेडिसिनचे, म्हणजे बालरोगाच्या दुप्पट. पास व्हायला 150 लागतात. आणि हा विषय पोरं शेवटच्या आठवड्यावर टाकतात. जबलपूरहून निघणाऱ्या ‘पार्क’ या पीएसएमच्या पुस्तकाचं मला कमिशन नाही, हेही सांगून ठेवतो.

आता विंचवाबद्दल दोनच मिनिटं. उजळणीच्या पुस्तकातली एक ओळ कुठून येते ते कळावं म्हणून. हिंमतराव बावस्कर 1976 मध्ये महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचू. रात्री माणूस आणतात, घामाने निथळत, हातपाय गार, आणि काही तासांत फुफ्फुसांत पाणी भरून तोंडाला फेस. त्यांच्याजवळच्या पुस्तकांत यावर धड काही नव्हतं. तेव्हा या तरुण डॉक्टरने काय केलं? रुग्णाच्या उशाशी बसून तासातासाला नाडी, रक्तदाब, श्वास लिहून काढला. रात्रीच्या रात्री. ती निरीक्षणं 1982 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली. पुढे त्यांनी प्राझोसिन दिलं, रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी. विषाने रक्तवाहिन्या आवळल्या जातात, ही गोळी त्या सैल करते. पूर्वी गंभीर रुग्णांत शंभरी तीस दगावत, ते चारच्या आत आले. पत्नी डॉ. प्रमोदिनीही या कामात बरोबर होत्या. 2022 ला पद्मश्री मिळाली. आज सगळ्या गाइडांत ‘विंचूदंश : प्राझोसिन’ एवढंच उरलंय. पण गोष्ट तिथे थांबली नाही. 2011 मध्ये याच दांपत्याने आणखी एक चाचणी ‘बीएमजे’त छापली. 70 रुग्ण घेतले. नुसतं प्राझोसिन दिलेल्यांपेक्षा प्राझोसिनबरोबर प्रतिविष दिलेले लवकर सावरले. तुमच्या गाइडात हे आहे का? नसेल तर लेखकाने जुन्याच ओळी उतरवून काढल्यात असं समजा. विंचवाच्या पानावरून पुस्तकाचं वय कळतं, म्हणून तर...

चिठ्ठी आली. ‘वेळ दहा मिनिटे.’ आमच्या विषयाला विंचूच डसला. (हशा)

मग साप भरभर. नाग, मण्यार, घोणस, फुरसे ही नावं सगळे छापतात. मण्यारीचा रुग्ण कसा येतो ते छापलंय का बघा. पावसाळ्यात जमिनीवर निजलेला माणूस पहाटे पोट दुखतं म्हणून उठतो. अंगावर दंशाची खूण सापडत नाही, आणि बोलता बोलता पापण्या मिटायला लागतात. असा रुग्ण पोटदुखीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवायचा नसतो. आणि लहान मुलाला प्रतिविष मोठ्याइतकंच द्यायचं, कारण सापाने विष वजन बघून सोडलेलं नसतं. हा परीक्षेचा लाडका प्रश्न आहे.

कुणीतरी विचारतंय, ॲपचं काय? ॲप वाईट नाही. प्रश्न सोडवायला घ्या, नोट्सचे गठ्ठे छापून आणू नका. दुसरा प्रश्न, सीनियरची जुनी पुस्तकं चालतील का? हा मात्र फार चांगला प्रश्न आहे, कारण इथल्या घरांना नवा संच परवडत नाही. ॲनाटॉमीचं जुनं खुशाल घ्या; मांडीचं हाड होतं तिथेच आहे. फिजिओलॉजी, बायोकेमिस्ट्रीही चालेल. पण टीबीचं बघा. 2017 नंतर गोळ्या दिवसाआडच्या रोजच्या झाल्या, 2020 मध्ये कार्यक्रमाचं नावसुद्धा बदलून राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रम झालं. ज्या गाइडात आठवड्यातून तीनदा गोळ्या लिहिल्यात, ते परीक्षेत गुण घालवेल आणि नोकरीत रुग्ण. जुना ‘पार्क’ घ्यायचा नाही.

धुंदलवाडीच्या मुलांनी 2018 च्या नोव्हेंबरपासून भूकंपाचे धक्के सोसत अभ्यास केलाय. त्याच धुंदलवाडीजवळ सासवंदला आता वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या पोरांना मुंबईच्या पोरांपेक्षा एक सोय जास्त आहे. सिकलसेल, साप, विंचू, टीबी, कुपोषण, सगळं वॉर्डातच. सकाळी रुग्ण बघा, रात्री तेच पान वाचा.

अध्यक्ष उभे राहिलेत, म्हणजे थांबायलाच हवं. एक विनंती करून बसतो. ज्यांच्या परीक्षा झाल्यात त्यांनी आपली पुस्तकं रद्दीत घालू नका, इथल्या वाचनालयात आणून द्या. तलासरीच्या मुलांना उपयोगी पडतील. पीएसएमची मात्र आणू नका. ती वाचनालयाने वर्गणी काढून दर आवृत्तीला नवी घ्यावी. पहिली वर्गणी माझी.