जुनं खिशातलं घड्याळ घेताय? आधी हे ऐका!

चोर बाजारात खिशातलं घड्याळ हाती लागलं, की तबकडीला भुलू नका. मागचं झाकण उघडायला सांगा. अमेरिकन वॉल्थम असेल, तर साल कळतं ते आतल्या यंत्रावरच्या नंबरवरून, झाकणावरच्या नाही. मग घड्याळ अलगद हलवा. बॅलन्स व्हील डुगडुगतंय किंवा अडकतंय? बहुतेक त्याचा दांडा मोडलाय. धक्का झेलणारं इन्काब्लॉक १९३०च्या दशकात आलं. त्याआधीचं घड्याळ पडलं, की हाच दांडा जायचा. नवा बसवायचा खर्च धरूनच भाव करा. आणि घरी आणून लगेच चावी देऊ नका हं! वाळलेल्या तेलात चाकांची टोकं झिजतात. आधी घड्याळजीकडून साफसफाई, तेलपाणी. तबकडीवरची बारीक चीर मात्र असू द्या. नवी रंगवलेली तबकडी चकचकीत दिसते, पण घड्याळाचं जुनेपण तिथेच संपतं. भेटू पुढच्या भागात!